सिस्टरांची तिवई

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. तीन पायांची, बुटकी आणि रंगरूपाने अगदीच बेताची. माझा मुक्काम सध्या एका मोठ्या रुग्णालयात, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत असतो. माझ्या एका बाजूला चाक निखळलेली व्हीलचेअर आहे, दुसऱ्या बाजूला जोडीदार हरवलेल्या कुबड्या आहेत आणि मागे वाकलेले सलाईनचे स्टँड माना टाकून उभे आहेत. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायला कोणाला उत्साह नाही.

या खोलीचं दार जाळीचं आहे. जाळीतून समोरची नातेवाइकांची खोली दिसते. ज्यांची माणसं अतिदक्षता विभागात असतात ते तिथे बसतात, त्या मोठ्या पांढऱ्या दाराकडे डोळे लावून. माझं सगळं आयुष्य त्या खोलीत गेलं. आज वाटलं, कोणी ऐकणारं भेटलं तर सांगून टाकावं. तुम्ही ऐकाल ना?

माझा जन्म काही कोणाच्या इच्छेने झाला नाही. रुग्णालयाची दारं बसवायला एक सुतार आला होता. खालच्या बिजागरीला स्क्रू मारताना वाकून वाकून त्याची पाठ भरून आली. तेव्हा त्याने चहा पिता पिता दाराच्या चौकटीचे उरलेले तुकडे जुळवले आणि स्वतःला बसायला मला घडवलं. चौथ्या पायापुरतं लाकूड उरलं नाही. वॉर्डातला कर्मचारी, ज्याला लहानथोर सगळे मामा म्हणतात, तो तिथे गप्पा मारत उभा होता. मामांना काम कमी आणि गप्पा जास्त, अशी तेव्हापासून ख्याती होती. ते म्हणाले, "अहो, ही लंगडीच राहिली की!"

सुतार म्हणाला, "लंगडी कशी? चार पायांचं डुगडुगतं. तीन पायांचं कुठेही टेकवा, घट्ट बसतं."

तेवढं एकच कौतुक माझ्या जन्माच्या वेळी झालं. दारं बसली, सुतार हत्यारं बांधून निघून गेला आणि मी मागे राहिले. विसरला म्हणा, सोडून गेला म्हणा. रुग्णालयाच्या प्रत्येक खुर्चीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला असतो. माझ्यावर कधीच कोणी घातला नाही. मी चादरींच्या खोलीत एका कोपऱ्यात पडून राहिले.

तिथेच मला सिस्टर भेटल्या. तशा वॉर्डात सिस्टर पुष्कळ होत्या, पण पुढे पुढे नुसतं 'सिस्टर' म्हटलं की सगळे यांच्याकडेच बघायचे. त्या नव्या होत्या तेव्हाची गोष्ट आहे. एक म्हातारे गृहस्थ बाहेर बसले होते आणि आत त्यांची बायको वारली. सिस्टर हातात औषधांचा ट्रे घेऊन घाईत निघाल्या होत्या. दारात उभ्या राहूनच त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "बरं, बरं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मग संध्याकाळी तिला जेवायला काय आणू?"

सिस्टर चादरींच्या खोलीत आल्या, माझ्यावर बसल्या आणि तोंडात रुमाल कोंबून रडल्या. "किती मान वर करावी लागली त्यांना," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ऐकायला मी एकटी होते, आणि मला काय बोलता येणार? मी फक्त डुगडुगले नाही.

पुढच्या वेळी सांगायला निघताना त्यांनी मला एका पायाला धरून उचललं आणि बरोबर नेलं. तेव्हापासून ती त्यांची पद्धतच झाली. समोरच्या माणसाच्या खुर्चीपुढे मला ठेवायचं. माझ्यावर बसलं की त्यांचे डोळे त्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा जरा खाली यायचे, त्यामुळे त्याला मान वर करावी लागत नसे. आधी विचारायचं, "तुम्ही त्यांचे कोण?" तो म्हणायचा, मुलगा, किंवा बहीण, किंवा शेजारी. मग आडपडदा न ठेवता सांगायचं, "ते गेले." प्रतिसाद मिळाला नाही, आम्ही शर्थ केली, असली लांबण नाही. रडू नका म्हणणं नाही. शेवटी एकच वाक्य, "मी बसलेय." आणि खरोखर बसून राहायचं.

मित्रांनो, माणसं दुःखात काय काय करतात ते मी जवळून पाहिलं आहे. एक तरुण मुलगा सिस्टरांवर धावून आला, "तुम्हीच मारलंत!" म्हणाला. सिस्टर बसून राहिल्या. एका सुनेला हसूच आवरेना, हसता हसता ती लाजेने अर्धी झाली. सिस्टर बसून राहिल्या. एका बाईंनी नवऱ्याच्या चपला कुठे आहेत यावरून अर्धी खोली डोक्यावर घेतली, तेव्हा सिस्टरांनी मामांना चपला शोधायला पाठवलं आणि त्या बसून राहिल्या. दोन भाऊ होते, एकमेकांचं तोंड न बघणारे, एक या कोपऱ्यात आणि दुसरा त्या. आई गेल्याचं सांगायचं होतं. सिस्टरांनी मला बरोबर मध्यावर ठेवलं. ऐकायचं तर दोघांना आपापली खुर्ची ओढून जवळ यावंच लागलं.

बघणाऱ्यांना वाटायचं, या बाईचं काळीज दगडाचं आहे. खरं काय ते मला ठाऊक होतं. वरून सिस्टर शांत दिसत, पण त्यांचे पाय थरथरत असत आणि ती थरथर माझ्या फळीत उतरत असे. मला हात असते तर ते पाय मी घट्ट धरले असते. पण मी पडले लाकूड. वजन पेलण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

त्यांचं नाव झालं. डॉक्टर म्हणू लागले, "सिस्टर, तुम्हीच सांगा, तुम्हाला जमतं." दुसऱ्या वॉर्डातूनही बोलावणं येऊ लागलं, "तुमच्या सिस्टरांना पाठवा, त्यांना जमतं." जमतं, जमतं म्हणत सगळ्यांनी हळूहळू ते काम त्यांच्याच गळ्यात टाकलं आणि आपापली सुटका करून घेतली. सिस्टर हातातलं काम ठेवत. मला उचलून चालू लागत.

माझ्यावर आणखी एकजण बसायचे, आणि ते मात्र हसत बसायचे. सिस्टरांचे यजमान. वॉर्डातले सगळे त्यांना भाऊजी म्हणत. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, नखांतलं काळं तेल कधी जायचं नाही. कामावरून सुटले की स्कूटरवरून सिस्टरांना न्यायला यायचे. खोलीत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ते मलाच ओढून घ्यायचे. एकदा माझा एक पाय सैल झाला होता. त्यांनी खिशातून चाकू काढला, लाकडाची एक पाचर तासली आणि पान्याच्या उलट्या बाजूने ठोकून बसवली. "घ्या," ते मला म्हणाले, "आता आमच्या बाईंना पाडू नका." ती पाचर अजून माझ्या अंगात आहे.

सिस्टर बाहेर आल्या की ते विचारायचे, "आज तिवई उचलली?" त्या हो म्हणाल्या की ते म्हणायचे, "मग आज लांबच्या रस्त्याने जाऊ." एवढाच त्यांचा दिलासा, पण सिस्टरांचा चेहरा तेवढ्यानेही सैल व्हायचा.

एकदा त्यांनी सहज विचारलं, "सगळ्यांसमोर तू बसतेस. तुलाच काही सांगायची वेळ आली तर तुझ्यासमोर कोण बसणार गं?"

"कोण म्हणजे? तुम्ही आहात की."

"आणि माझंच काही सांगायचं असलं तर?"

"काहीतरीच बोलू नका. चला, स्कूटर काढा."

ते हसत उठले, सिस्टरही हसल्या. मला मात्र तो प्रश्न चिकटून बसला. मी मनात एकेक चेहरा आणून पाहिला. डॉक्टर बसतील? मेट्रनबाई बसतील? मला कोणीच दिसेना.

मग माझ्यावर जे बालंट आलं ते मामांच्या हातून आलं. त्यात मामांची काही चूक नव्हती, आणि जी आई घाबरली तिची तर नव्हतीच.

एक आई पुष्कळ दिवस त्या खोलीत मुक्कामाला होती. तिचा मुलगा मोटरसायकलवरून पडला होता. आता तो सुधारत होता. सकाळीच सिस्टरांनी तिला उभ्या उभ्या सांगितलं होतं, "आज त्याने दोन घास खाल्ले हो." चांगली बातमी त्या नेहमी उभ्यानेच सांगत. किती दिवसांनी त्या आईचा खुर्चीतच डोळा लागला. तिच्या डोक्यावरची ट्यूबलाइट फडफडत होती. ती बदलावी म्हणून मामांनी मला आणलं, नेमकं तिच्या खुर्चीपुढे ठेवलं आणि नवी ट्यूब आणायला ते गेले.

त्या खोलीत दिवसेंदिवस बसणारी माणसं एकमेकांना सगळं सांगत. नवा माणूस आला की जुना त्याला कानात सांगायचा, "ती तिवई आपल्यापुढे ठेवली की समजायचं." आईने डोळे उघडले. समोर मी.

तिची ती किंकाळी मी अजून विसरले नाही. ती खाली कोसळली आणि मुठींनी मला मारू लागली. मामा ट्यूब हातात घेऊन धावत आले, "अहो आई, दिवा! दिवा बदलतोय मी!" पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. मग सिस्टर धावत आल्या आणि घाईत, हाताला पडलेल्या सवयीने, मला सरळ करून माझ्यावरच बसल्या. "आई, माझ्याकडे बघा, तो बरा आहे." झालं! त्यांना माझ्यावर बसलेलं पाहून त्या आईची उरलीसुरली शंकाही फिटली. सिस्टर जितकं समजावत तितकी ती जास्त हंबरडा फोडी. मी ओरडून सांगायला पाहत होते, उठा, सिस्टर, उठा! पण मला तोंड कुठे होतं? शेवटी सिस्टर आणि मामा दोघांनी तिला धरून आत पलंगापाशी नेलं. मुलगा म्हणाला, "आई, ओरडतेस काय एवढी?" तेव्हा कुठे तिला खरं वाटलं.

त्यानंतर मी अपशकुनी ठरले. लोक माझ्याकडे पाहीनासे झाले, एकाने तर मला लाथेने भिंतीशी सरकवलं. मेट्रनबाईंनी सिस्टरांना बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचा हेतू चांगला आहे हो, पण लोक तिला बघूनच धसका घेतात. काढून टाकू या." सिस्टर हो म्हणाल्या. त्या आईची अवस्था त्यांनी स्वतः पाहिली होती. मामांनी मला उचलून या जिन्याखाली आणून ठेवलं आणि जाळी लावता लावता म्हणाले, "माफ कर गं बाई." नंतर सुट्या खुर्च्याही गेल्या. लोखंडी पट्टीला जखडलेल्या रांगा आल्या. त्या कोणालाही कोणाजवळ ओढता येत नाहीत.

माझ्याशिवाय सिस्टर कशा सांगतात ते मी जाळीतून बघत असे. त्या जमिनीवर उकिडव्या बसत. वय झालं होतं, केस पिकले होते, गुडघे कामातून गेले होते. उठताना खुर्चीचा हात धरून त्या कळ जिरवायच्या आणि मग चालू लागायच्या. चार पावलांवर मी होते. पण चार पावलं काय आणि चार मैल काय, माझे पाय चालणारे नाहीत.

मग जो दिवस उजाडायला नको होता तो उजाडला. डेपोतली माणसं एका स्ट्रेचरमागे धावत आली. स्ट्रेचरवर भाऊजी होते. बसखाली काम करता करताच ते कोसळले होते. सिस्टर ड्यूटीवर होत्या, त्या स्ट्रेचरबरोबर आत निघाल्या. दारात त्यांना कोणीतरी अडवलं. "सिस्टर, तुम्ही बाहेर थांबा." ज्या पांढऱ्या दारातून त्या आयुष्यभर आत-बाहेर करत होत्या, ते दार त्यांना बाहेर ठेवून लागलं.

त्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसल्या. गणवेश अंगावर, आणि मांडीवर एक पिशवी. पिशवीत भाऊजींच्या चपला आणि एक पाना होता. दाराला काचेचा तुकडा आहे. त्यातून मधूनमधून एखादी सिस्टर डोकवायची आणि चटकन बाजूला व्हायची. मी ते चेहरे ओळखत होते. आत संपलं होतं, मित्रांनो. आणि आता 'सांगणार कोण' ते चाललं होतं. इतकी वर्षं ज्यांना जमत होतं, त्या तर बाहेर बसल्या होत्या.

सिस्टरांनाही ते कळलं असणार. त्या उठल्या. मला वाटलं, दाराकडे जातील. त्या माझ्याकडे आल्या. जाळीची कडी गंजली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी सोडवली, मला बाहेर काढलं आणि रुमालाने पुसलं. पुसताना बोट पाचरेवर आलं, तिथे ते जरा थांबलं. मग त्यांनी मला आपल्या खुर्चीपुढे ठेवलं आणि स्वतः खुर्चीवर जाऊन बसल्या.

मी त्यांच्यासमोर रिकामी उभी होते. तसं रिकामं उभं राहण्याइतकं हतबल मला जन्मात कधी वाटलं नाही. कोणीतरी या, कोणीही या, माझ्यावर बसा, असं माझं लाकूड न् लाकूड म्हणत होतं. काचेआडून सगळे बघत होते.

डॉक्टर आले. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचेही डोळे लाल होते, खोटं कशाला सांगू. पण ते बसले नाहीत. "सिस्टर, आपण सगळं केलं. हृदयाने साथ दिली नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे." सिस्टर मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि ते परत आत गेले.

"बरं, बरं," सिस्टर म्हणाल्या. मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "मग रात्री त्यांच्याजवळ मीच थांबते."

खोलीच्या टोकाला मामा फरशी पुसत होते. त्यांनी ते ऐकलं. पोछा भिंतीला टेकवून, ओले हात शर्टाला पुसत ते आले. मला जिन्याखाली ठेवल्यापासून त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते माझ्याभोवती एकदा फिरले, आणि बसले.

"सिस्टर, मला नाही हो जमायचं हे."

"मला तरी कुठे जमत होतं, मामा," सिस्टर म्हणाल्या. "कधीच जमलं नाही."

मामांचे पाय थरथरत होते. तीच थरथर, मला ओळखीची. इतकी वर्षं फरशी पुसता पुसता जे कानावर पडलं होतं तेच त्यांना आठवलं असावं. त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही... तुम्ही त्यांच्या कोण?"

सिस्टरांचे ओठ हलले. "बायको," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द म्हणतानाच त्यांचा चेहरा फुटला.

"भाऊजी गेले, सिस्टर."

त्या रडल्या. मांडीवरच्या पिशवीला मिठी मारून रडल्या. काचेआडची डोकी एकेक करून नाहीशी झाली. आत कोणाची तरी घंटा वाजत होती, कोणीतरी "मामा, मामा" म्हणून हाका मारत होतं. मामा हलले नाहीत.

"मी बसलोय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला परत जिन्याखाली ठेवलं. नियम तो नियम, त्यांचाही इलाज नव्हता. सिस्टर थोड्याच दिवसांत निवृत्त झाल्या. गुडघ्यांचं औषध न्यायला त्या कधीमधी येतात, जाळीपाशी घटकाभर थांबतात आणि बसने घरी जातात. बस लांबच्या रस्त्याने जाते की नाही ते मला माहीत नाही. आता मामाही निवृत्त झाले.

आणि आत्ता, तुम्हाला हे सांगत असताना, समोरच्या दारात एक नवी सिस्टर येऊन उभी राहिली आहे. हातात फाइल आहे, पाय परत फिरायच्या घाईत आहेत. खुर्चीतला माणूस मान वर करून तिच्याकडे बघतो आहे. "बरं, बरं," म्हणतो आहे. मला हाक मारता येत नाही. जाळीला आतून कडी नाही.

मित्रांनो, मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. माझं आता झालं. पण कधीतरी तुमच्यावरही कोणाला असं काही सांगायची पाळी येईल. आणि जो सगळ्यांना सांगतो त्यालाही एक दिवस कोणीतरी सांगावं लागेल. त्या दिवशी तिवई शोधत बसू नका. माझे पाय लाकडाचे आहेत, ते वाकत नाहीत. तुमचे वाकतात.